हंगामात मागे राहिलेलं लेकरू: पहिलीतल्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका लहान गावातलं आहे. सगळ्यांची नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत. मी या भागातल्या जिल्हा परिषद शाळा आणि अंगणवाड्यांसोबत लहान मुलांच्या भावनिक-सामाजिक वाढीचं काम करते. म्हणजे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मी शाळेत असते, बाकी रोजचं सगळं सर आणि अंगणवाडीताई बघतात, आणि या प्रकरणातलं निम्म्याहून जास्त काम त्यांचंच आहे हे आधीच सांगून टाकते.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दसरा-दिवाळीच्या आसपास इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर थेट कर्नाटकात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, तिकडेच कोप्यांमध्ये राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे बाईला 'या वर्षी मी लेकराजवळ राहते' म्हणायची सोयच नसते. काही लेकरं सोबत जातात, काही आजी-आजोबांकडे मागे राहतात. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह असतं, आमच्याकडे ते शाळेतच चालतं, शाळा व्यवस्थापन समिती जेवणाचं बघते आणि रात्री मुलं आपापल्या नातेवाइकांकडे झोपतात.

बाळू (नाव बदललेलं) तेव्हा पहिलीत, वय सहा. त्याच्या घरी माय, वडील, आजी, नऊ वर्षांची बहीण सुमी आणि जेमतेम पाच महिन्यांची धाकटी. बाळूचे पहिले दोन हंगाम फडातच गेले, मायच्या पाठीवर नाहीतर पाचटाच्या कोपीत. दूध सुटल्यावर त्याला गावी आजीकडे ठेवायला लागले, आणि दरवेळी सोबत सुमीही मागे राहायची. ती तिसरीत, हा पहिलीत, शाळेची इमारत एकच, खोल्या दोनच.

अडचण काय होती

जूनपासून दिवाळीपर्यंत बाळूबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती, शांत मुलगा, सुमीच्या मागे मागे यायचा आणि तिच्याच मागे घरी जायचा. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा वर्ग अर्धा रिकामा झालेला होता, तो दरवर्षीच होतो, आणि बाळू पार बदललेला होता. सकाळी आजीचा पदर सोडायचा नाही. एकदा आत आला की दाराशीच बसायचा. त्याच्या जवळून कुणी उठून गेलं की त्याला मारायचा, म्हणजे भांडण होऊन मारायचा असं नाही, नुसतं उठून गेलं तरी.

एक दिवस मैदानात 'डोंगराला आग लागली, पळा पळा पळा' चाललं होतं. सगळी पोरं गोल फिरत होती, बाळूसुद्धा फिरत होता, मजेत होता. 'पळा' म्हटल्यावर सगळी एकदम सुटली आणि याने पुढच्या ओंकारचा शर्ट मागून गच्च धरला. ओंकारने सोडवायचा प्रयत्न केला तसा हा त्याच्या दंडाला चावला, आणि चावून झाल्यावरही शर्ट सोडलेला नव्हता. सरांना बोटं एकेक करून सोडवावी लागली.

ओंकारचे आजोबा दुसऱ्या दिवशी शाळेत आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, असलं लेकरू वर्गात नको, नाहीतर आमच्याला घरी बसवतो. दोनतीन पालकांनी त्यांना दुजोरा दिला. पोरांनी त्याचं नाव 'चावरा' पाडलं होतं. मी प्रत्येक मुलाला एकेकटं घेऊन वर्गातल्या पोरांचे फोटो दाखवले आणि 'तुला कुणासोबत बसायला आवडतं' एवढंच विचारलं, बाळूचा फोटो कुणीच उचलला नाही. (कोण आवडत नाही हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाही, तो विचारल्याने मुलांच्या डोक्यात ते पक्कं होतं असं माझं मत आहे.) मानसशास्त्रज्ञ कोई आणि डॉज यांच्या 1982 च्या कामापासून या क्षेत्रात एक फरक नीट केला जातो: काही मुलांकडे नुसतं दुर्लक्ष होतं आणि काही मुलं गटाला नकोशी असतात. दुर्लक्षित मूल गट बदलला की बरेचदा रुळतं. नकोसं झालेलं मूल मात्र नव्या गटातही लवकर नकोसं होतं, कारण आपलं वागणं ते सोबत घेऊन जातं. बाळू दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत दुर्लक्षितांतून नकोशांत चालला होता, म्हणून थांबायला वेळ नव्हता.

खरं काय तुटलं होतं

सगळ्यांचं निदान तयार होतं: माय गेली म्हणून लेकरू बिथरलं. आजीही तेच म्हणाली. पण माय तर आधीच्या वर्षीही गेली होती, त्याच्या आधीच्या वर्षीही, आणि तेव्हा अंगणवाडीत त्याने कुणाला बोटही लावलं नव्हतं, हे अंगणवाडीताईंनी ठामपणे सांगितलं. मग या वर्षी वेगळं काय?

ते सापडलं खिचडीच्या पंगतीत. बाळू बसायचा तेव्हा डाव्या हाताला एका मुलाइतकी जागा सोडायचा आणि तिथे आपली एक चप्पल काढून ठेवायचा. त्या जागेवर कुणी बसलं की मारामारी. सरांना वाटायचं जागेवरून हट्ट करतो. अंगणवाडीच्या मदतनीस मावशी खिचडी वाढायला मदत करायच्या, त्या सहज बोलून गेल्या, "ती जागा सुमीची हाय ना, दोघं बहीण-भाऊ तितंच बसायचे."

सुमीला या वर्षी सोबत नेलं होतं, धाकट्या बाळाला फडात सांभाळायला. या भागात नऊ-दहा वर्षांच्या मुलींच्या वाट्याला हे सर्रास येतं: माय ऊस तोडते, पोरगी कोपीपाशी बाळ धरते, पाणी भरते, भाकरी थापते. घरी विचारलं तेव्हा आजीने हळूहळू सगळं सांगितलं. आजीला गुडघ्यांचा त्रास, त्यामुळे गेली तीनेक वर्षं बाळूला अंघोळ घालणं, भात कालवून भरवणं, रात्री लघवीला बाहेर नेणं, शाळेत आणणं, हे सगळं सुमीच करायची. झोपायचाही सुमीच्याच कुशीत. आणि ट्रॅक्टर निघाला रात्री, हे पोरगं झोपेत असताना. रडू नये म्हणून. तेव्हापासून तो रात्रीतून उठून अंथरुणं चाचपतो, आजी म्हणाली, "माझा पदर सवताच्या मनगटाला बांधून निजतंय बाई."

आता त्याचं वागणं एका ओळीत लागलं. झोपेत असताना माणसं जातात, म्हणून झोपायचं नाही. पाठ फिरवली की जातात, म्हणून शर्ट धरायचा.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी 1954-55 मध्ये युगांडात कंपालाजवळच्या गावांमधून बाळांचं निरीक्षण केलं तेव्हाही दिसलं होतं की बाळं आईसोबत आजी, भावंडं अशा इतरांशीही घट्ट जोडली जातात. आपल्याकडे तर हे घरोघरी दिसतं, तरी शाळेच्या फॉर्मवर आपण फक्त आई-वडिलांचं नाव लिहून घेतो. अ‍ॅना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी 1951 मध्ये नाझी छळछावणीतून वाचलेल्या सहा लहान मुलांबद्दल लिहिलं, ती मुलं मोठ्यांशी फटकून वागायची पण एकमेकांना क्षणभर सोडायची नाहीत, एकाला बाजूला नेलं तरी बाकीची कासावीस व्हायची. म्हणजे मुलांचा आधार मूलही असू शकतं. बाळूच्या बाबतीत तो आधार नऊ वर्षांचा होता, आणि तोच या वर्षी बाळ सांभाळायला गेला होता. भरीला वर्गातली निम्मी पोरंही त्याच आठवड्यात गेली होती. घर आणि वर्ग एकदमच रिकामे झाले, मला वाटतं या भागातल्या मुलांबद्दल हीच गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते, आपण एकतर कुटुंबाबद्दल बोलतो नाहीतर शाळेबद्दल.

कोणते पर्याय होते

सर, अंगणवाडीताई, आजी आणि मी असे शाळेच्या ओट्यावर बसलो. समोर चार रस्ते होते.

एक, बाळूला फडात आईबापाकडे पाठवून द्यायचं. आजीला हे पटत होतं, रात्रीची झोप तिचीही उडालेली होती. तिथे माय आणि सुमी दोघी भेटल्या असत्या हे खरं. पण शाळा सुटली असती आणि पहाटे अंधारात तोड सुरू झाल्यावर त्याला बघणार पुन्हा सुमीच, म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीच्या अंगावर एकाऐवजी दोन लेकरं. हे मला अजिबात मान्य नव्हतं आणि मी तसं स्पष्ट बोलले.

दोन, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या काकाकडे ठेवायचं. काका तयार होते, चांगले होते. पण त्यात आजी, शाळा, गल्ली, उरलेली पोरं, सगळंच सुटणार होतं. ज्या मुलाची अडचणच माणसं अचानक सुटण्याची आहे त्याला आणखी एक सुटणं द्यायचं का, या प्रश्नावर आजीच म्हणाली, नको.

तीन, सुमीला परत आणायचं. तिचा शाळेचा हक्क आहे, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे, हंगामी वसतिगृहात तिचं नाव घालता आलं असतं. सरांनी वडिलांना फोन केला. उत्तर आलं की बाळाला धरणार कोण, उचल फिटायचीय, पट्टा पडल्यावर बघू. इथे आमच्यातही मतभेद झाले. सरांचं म्हणणं होतं सुमी आली की बाळूचा प्रश्न सुटेल. माझं म्हणणं होतं की सुमी आलीच पाहिजे पण तिच्या स्वतःच्या शिक्षणासाठी, बाळूची औषधपाणी करायला नाही, नाहीतर आपण तिला एका लेकरापासून सोडवून दुसऱ्याला बांधतोय. शेवटी ठरलं की हा रस्ता सोडायचा नाही, पण या हंगामात त्यावर विसंबायचंही नाही.

चार, आहे तिथेच ठेवून आजी, शाळा आणि एखादा सोबती यांच्या आधाराने घडी बसवायची. हा सगळ्यात कष्टाचा आणि हळू चालणारा रस्ता, तोच धरला.

चौथा रस्ता धरायला एक मोठं कारण बाळूचा पाया होता. पहिली दोन-अडीच वर्षं तो मायला चिकटून वाढला, नंतर सुमी-आजी होत्या. रोमेनियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 नंतर झालेल्या प्रकल्पात अनाथालयासारख्या संस्थांमध्ये वाढलेल्या 136 बाळांचा अभ्यास झाला. तिथे प्रश्न हा होता की बाळांना आपलं असं कुणीच नव्हतं, आणि दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांची नाती नंतर मिळालेल्यांपेक्षा चांगली जुळली. बाळूचं तसं नव्हतं. त्याला नातं जोडता येत होतं, फार घट्ट जोडता येत होतं, म्हणूनच तर एवढा कालवा.

काय केलं

आधी ओंकारचे आजोबा. त्यांच्याशी सरांनी बोलायचं असं ठरलं आणि त्यांना दोन गोष्टींची हमी दिली: खेळाच्या वेळी मोठं माणूस हाताच्या अंतरावर असेल, आणि पळापळीचे खेळ काही दिवस बंद. बाळूला शिक्षा म्हणून बाहेर बसवायचं मात्र नाही, हेही सांगितलं. ते खूश झाले नाहीत पण ओंकारला घरी बसवलं नाही.

पंगतीतली जागा. सरांना वाटत होतं चप्पल उचलायला लावू, सवय मोडेल. आम्ही उलट केलं, ती जागा सुमीची आहे असं सगळ्या वर्गाला मोठ्याने सांगितलं आणि मोकळी ठेवली. गंमत म्हणजे जागा मान्य झाल्यावर पंगतीतली मारामारी जवळपास थांबली, राखण करायचं कारणच उरलं नाही.

फोन. पहिला फोन वाईट गेला. मायच्या तोंडून शब्द फुटेना, ती रडायला लागली, बाळूने मोबाईल फेकला आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. फोन बंद करावेत असं आजीचं म्हणणं पडलं, लेकरू उगाच हळवं होतं. बऱ्याच घरांत याच टप्प्यावर फोन बंद होतात. पण फोन बंद म्हणजे माणूस पुन्हा न सांगता गेलं. खरी अडचण वेळेची होती: फडात कधी गाडी भरायला बोलावतील याचा नेम नसतो, रात्रीसुद्धा, मग 'रविवारी सातला फोन करते' असं सांगून तो आला नाही की आणखी एक शब्द मोडतो. त्यामुळे फोनऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायचं ठरलं. सुमी आणि माय जमेल तेव्हा बोलून ठेवायच्या, सर शाळा भरायच्या आधी बाळूला ऐकवायचे. सुमीचे मेसेज ऐकण्यासारखे असायचे, "बाळ्या, आज बाळानं माती खाल्ली, मी बोट घालून काढली, तू नखं काढलीस का, आजीला म्हण काढ." तोच मेसेज तो परत परत ऐकायचा आणि मग 'काढली' असं मोबाईलला सांगायचा, ते रेकॉर्ड करून सर तिकडे पाठवायचे. वर्गात दिनदर्शिका लावली, पट्टा पडायचा अंदाजे महिना रंगवला, आणि 'अंदाजे' हा शब्द त्याला नीट समजावून सांगितला.

सोबती. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. वर्गात उरलेल्यांपैकी त्याच्या वयाचे सगळे त्याला टरकून होते. फरमन, राहे आणि हार्टअप यांचा 1979 चा एक अभ्यास आहे, त्यात एकटं एकटं राहणाऱ्या मुलांना वयाने लहान सोबत्यांशी खेळायला दिलं तर ती समवयस्कांच्या सोबतीपेक्षा जास्त खुलली. पण ती मुलं गप्प होती, मारणारी नव्हती, त्यामुळे ते तसंच उचलून इथे लावणं धोक्याचं होतं. दुसरीकडे ट्रॉय आणि स्रूफ यांनी 1987 मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या जोड्या लावून पाहिलं होतं, त्यात आईशी सुरक्षित नातं असलेली मुलं ना छळणाऱ्यांत सापडली ना छळ सोसणाऱ्यांत. म्हणजे नुसतं लहान नको, लहान आणि भक्कम हवं.

अशी एक होती. अंगणवाडीतली पाच वर्षांची राणी, आईवडील गावातच, दुधाचा धंदा, पोरगी हसरी आणि ठाम, नको असलं की सरळ 'नको' म्हणणारी. तिच्या आईला मी सगळं सांगितलं, बाळू चावला होता हेसुद्धा. राणी हे काही आमच्या उपचाराचं साधन नाही, तिला मजा आली तरच हे चालेल आणि ती नको म्हणाली की त्याच क्षणी थांबेल, असं कबूल केलं. आईने दोन दिवस विचार करून हो म्हटलं.

दोघांना काम दिलं सतरंजीचं. अंगणवाडी आणि शाळा एकाच आवारात, सकाळी सतरंजी घालायची आणि दुपारी गुंडाळायची. सतरंजीला दोघं लागतात, एकाने टोक सोडलं की काम अडतं, आणि काम झालं की दोघांनी आपापल्या खोलीत जायचं. म्हणजे रोज एकदा जवळ येणं आणि रोज एकदा ठरलेलं, सांगून केलेलं दूर जाणं. निघताना राणीने 'उद्या येते' म्हणायचं, एवढंच तिला शिकवलं. पहिल्या दिवसांत 'उद्या येते' ऐकल्यावर बाळू तिचा फ्रॉक धरायचा. ताई शेजारीच असायच्या. राणी त्याच्याकडे बघून म्हणायची, "सोड ना, उद्या येते म्हणलं ना." आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच यायची.

आणखी एक गोष्ट वर्गात रोज चालवली. कुणाचा धक्का लागला की बाळूला ते मुद्दाम वाटायचं. डॉज यांनी 1980 मध्येच दाखवलं होतं की मारकी मुलं अशा संदिग्ध प्रसंगांत समोरच्याचा हेतू वाईट धरतात. सरांनी 'चुकून झालं' हे वाक्य पूर्ण वर्गाच्या तोंडी बसवलं, धक्का लागला की म्हणायचं, पाय पडला की म्हणायचं. आणि बाळूला 'थांब, मी पण येतो' हे वाक्य, शर्ट धरायच्या ऐवजी. सरांनी ते अनेक वेळा त्याच्या वतीने म्हटलं तेव्हा कुठे फेब्रुवारीत तो स्वतः म्हणायला लागला.

त्याच सुमारास पंगतीत त्याने चप्पल आपण होऊन उचलली आणि राणीला तिथे बसवलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिची खिचडी संपेपर्यंत बसला, ती उठली तशी चप्पल परत ठेवली.

माय परत आली तेव्हा

एप्रिलमध्ये टोळी आली. मायने बाळूसाठी बूट आणले होते. बाळू आजीच्या मागे लपला, मायकडे बघितलं नाही, बूट घेतले नाहीत. सुमीला मात्र त्याने आधी पाठीत दोन गुद्दे घातले आणि नंतर रात्रीपर्यंत तिचा हात सोडला नाही. माय मला म्हणाली, "माझं लेकरू मला वळखंना मॅडम." बोलताना ती बाळाला दूध पाजत होती आणि डोळे पुसत होती.

जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी 1950 च्या दशकात दवाखान्यात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांमध्ये हेच नोंदवलं होतं, आधी आकांत, मग खिन्नता, मग अलिप्तपणा, आणि आई परत आली की तिच्याशीच परक्यासारखं वागणं. मायला मी हे तिच्या भाषेत सांगितलं: तो विसरला नाही, तो रागावलाय, आणि राग तिच्यावरच काढतोय कारण ती त्याची आहे.

इथे एक महत्त्वाचा निर्णय होता. घरच्यांनी ठरवलं होतं की आजीने महिनाभर लेकीकडे जाऊन राहायचं म्हणजे पोराला मायची सवय लागेल. प्रेमाने ठरवलेलं, पण मी हात जोडून थांबवलं. मायची ओढ परत यायला आजी नाहीशी व्हायची गरज नाही, तसं केलं तर तिसरं माणूस न सांगता गेलं. आजी तिथेच राहिली आणि मायने रोजच्या दोनच गोष्टी हातात घेतल्या, अंघोळ आणि रात्रीचा भात. पहिल्या दिवसांत तो अंघोळीला रडायचा. जून उजाडला तेव्हा तो मायच्या आणि सुमीच्या मधे झोपत होता.

दुसरा हंगाम आणि परिणाम

या वेळी आम्ही दिवाळीची वाट बघितली नाही. उचल पावसाळ्यातच ठरते, एकदा ती घेतली की कोण जाणार-कोण राहणार यावर बोलायला जागा उरत नाही, म्हणून सर जूनच्या अखेरीलाच घरी गेले. धाकटी आता चालायला लागली होती आणि त्याच टोळीतल्या चुलत जावेची म्हातारी सासू नातवंडं सांभाळायला जाणार होती, तिने हिलाही धरायचं कबूल केलं. सुमी राहिली. चौथीत बसली, दिवाळीआधीच वसतिगृहाच्या यादीत नाव घातलं.

निरोप दिवसा घ्यायचा ठरलं होतं, पण ट्रॅक्टर पुन्हा रात्रीच निघाला, ते काही घरच्यांच्या हातात नसतं. मग मायने संध्याकाळी बाळूला समोर बसवून सांगितलं की तू उठशील तेव्हा मी नसेन, सुमी असेल, आजी असेल, पट्टा पडला की येईन. तो खूप रडला. ट्रॅक्टर आला तेव्हा जागाच होता आणि वेशीपर्यंत आजीचा हात धरून गेला. दोन दिवस शाळेत धड जेवला नाही. पण त्या आठवड्यात कुणाला मारलं नाही, आणि पदर मनगटाला बांधला नाही.

आज बाळू दुसरीत आहे. राणी पहिलीत आली, दोघं एकाच खोलीत. आणखी एक मुलगा त्यांच्यात आलाय. फोटोंवर विचारलं तेव्हा दोघांनी बाळूचा फोटो उचलला. हरल्यावर तो अजून ढकलतो, 'चावरा' हे नाव अधूनमधून ऐकू येतं, ओंकार त्याच्याशी बोलतो पण शेजारी बसत नाही आणि बसलंच पाहिजे असं मला वाटत नाही.

काय वेगळं करता येईल

सुमीबद्दल आम्हाला कळलं ते मावशी बोलल्या म्हणून. ते नशिबावर सोडता कामा नये. आता या शाळेत प्रवेशाच्या वेळी तीन साधे प्रश्न विचारतो: लेकरू कुणाजवळ झोपतं, कुणाच्या हातून जेवतं, रडलं की कुणाकडे जातं. आणि ऑक्टोबरमध्ये परत विचारतो की यातलं कोण जाणार आहे.

ओंकारकडे अजून जास्त लक्ष द्यायला हवं. चावलं गेलेलं मूलही सहाच वर्षांचं असतं, त्याच्या घरचेही फडात असतात (ओंकारचे होतेच), आणि तो रडला नाही म्हणून त्याचं सगळं ठीक आहे असं धरणं सोपं जातं. पुढच्या प्रकरणात दोन्ही मुलांसाठी पहिल्या दिवसापासून वेगवेगळी माणसं ठरवावीत असं आम्ही आपसात ठरवलंय.

रिकाम्या वर्गाचंही बघायला हवं. दिवाळीनंतर उरलेली पहिली-दुसरी आणि अंगणवाडीचा मोठा गट रोज एक तास एकत्र बसवला तर गट एकदम आटत नाही, हे दुसऱ्या हंगामात करून बघितलं आणि बरं चाललं. एप्रिलमध्ये टोळ्यांसोबत आलेली पोरं वर्गात परतली की मात्र जुन्या-नव्या मैत्र्यांची ओढाताण होते, त्यावर अजून काही बसवलेलं नाही.

मुलाच्या नोंदवहीत 'असुरक्षित' वगैरे शिक्का मारू नये. आईशी नातं सुरक्षित की असुरक्षित हे बघायची एन्सवर्थ यांची प्रसिद्ध चाचणी (आई थोडा वेळ बाहेर जाऊन परत आली की बाळ कसं वागतं ते बघायची) साधारण 12 ते 18 महिन्यांच्या बाळांसाठी आहे आणि प्रशिक्षित माणसांनी करायची आहे, सहा वर्षांच्या मुलाच्या चावण्यावरून तसं काही ठरवता येत नाही. सरांनी वहीत 'निरोपाच्या वेळी त्रास होतो' असं लिहिलं होतं, ते कुठल्याही शिक्क्यापेक्षा कामाचं ठरलं.

आणि सुमी. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेलं काम पुढे कोसबाडला गेलं, तिथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र ठेवली होती, म्हणजे धाकट्याला सांभाळणाऱ्या मोठ्या बहिणीलाही शिकता यावं. इतक्या वर्षांनी आमच्या भागातल्या फडांवर आजही तीच गरज आहे, तोडीच्या ठिकाणी बाळं ठेवायला जागा असती तर सुमीचं ते वर्ष गेलं नसतं. गावात मागे राहिल्यावरही तिच्यावर काय काय पडतंय हे बघत राहावं लागतं. बाळूला शाळेत आणणं आता आजी किंवा शेजारचा दादा करतो, सुमीने मैत्रिणींसोबत यायचं, हे सरांनी आग्रहाने लावून घेतलंय.

येत्या जूनमध्ये ती पाचवीला शेजारच्या गावच्या शाळेत जाईल. बाळूला हे मार्चपासूनच सांगायला सुरुवात केली आहे, परीक्षा झाल्यावर एक दिवस सुमीसोबत ती शाळा बघायला त्यालाही नेणार आहोत.